फक्त घर ते दवाखाना

१

गुन्हेगार सापडला. त्याने भर मांडवात डोक्यावरचा फेटा काढून कबुली दिली, आणि ज्यांच्यासमोर दिली त्यांनी जिलेबी खाता खाता एकमताने ठरवलं, की असं काही घडलेलंच नाही.

आपणही तसंच धरून चालू. काही घडलेलं नाही. रोहित ठवकर अजून मे महिन्याच्या उन्हात रिंग रोडवरच्या ‘सुशील ऑटो डील’मध्ये उभा आहे, समोर पांढरी गाडी आहे, आणि आपलं नशीब उघडलं असं त्याला वाटतंय. प्रत्यक्षात फक्त डिकी उघडली होती. ती लागतच नव्हती.

रोहित नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत सुपरवायझर होता. म्हणजे दुसऱ्यांचं काम मागे हात बांधून पाहणं, हे त्याचं काम. इतवारीतले ज्वारीचे घाऊक व्यापारी महादेवराव गिरडकर यांची धाकटी मुलगी उन्नती त्याला सांगून आली. पाहण्याच्या कार्यक्रमात महादेवरावांनी पोत्यात बोटं खुपसून माल पाहावा तसं त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “गाडी आहे नं?”

रोहितच्या डोळ्यांसमोर कंपनीची बस आली. ती रोज सकाळी त्याला नेते, संध्याकाळी आणून सोडते, आणि तिच्या मागच्या काचेवर ‘हात दाखवू नये’ असं लिहिलेलं आहे.

“आहे नं,” तो म्हणाला. “पांढरी.”

“वा! आमच्या मोठ्या जावयाची पन पांढरीच होती. लग्नात त्यायचे मामाच चालवत होते. काय रुबाब होता! आता विकली म्हणतात.”

बस्स. गाडीवर लग्न ठरलं. उन्नतीकडे त्याने नीट पाहिलंही नव्हतं. तिने मात्र पाहिलं होतं, पण ते पुढे. रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. साक्षगंधाला गिरडकरांच्या दारात पांढरी गाडी लागली नाही, तर साक्षगंध नाही, उन्नती नाही, आणि सगळ्या नात्यागोत्यात ‘बसवाला’ हे नाव मात्र कायमचं. यापलीकडे रोहितच्या डोक्यात काही नव्हतं. एरवीही फारसं नसायचं.

“एक नंबर माल हाये भाऊ,” सुशील म्हणाला. हा दलाल. बोलताना तो गाडीच्या बॉनेटवरून असा हात फिरवायचा, की पाहणाऱ्यालाच लाज वाटावी. “डॉक्टरीण मॅडमची गाडी. एकाच हाताची. फक्त घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. मॅडमनं हॉर्न पन कधी मोठ्यानं नाई वाजवला.”

रोहितने मोबाइलवर सरकारी नोंद तपासली होती. मालक एकच. अपघात नाही. कर्ज नाही. वेग मर्यादेबाहेर नेल्याचं एकही चलान नाही. मीटरवर आकडा इतका लहान, की गाडी बाळंतिणीसारखी घरातच बसून असावी.

“मग घेऊ?” रोहितने वळून विचारलं.

ज्यांना विचारलं त्या त्याच्या आत्या, सिंधूताई, गाडीकडे पाहतच नव्हत्या. त्या सुशीलच्या हातांकडे पाहत होत्या.

“लग्न झालेली दिसते,” त्या म्हणाल्या.

“कोण? मॅडम?”

“गाडी.”

२

सिंधूताईंना गाडीतलं काही कळत नव्हतं. स्थळांतलं कळत होतं. महाल ते मानेवाडा या पट्ट्यात कुणाच्या मुलाची ‘चौकशी’ करायची असली, की लोक आधी त्यांच्याकडे येत आणि मग देवाकडे. मुलगा दारू पितो का, हे त्या कधी मुलाला विचारत नसत. त्याच्या घरी जाऊन पाणी मागत आणि पाण्याची बाटली मुळात कशाची आहे ते पाहत. अशा एका बाटलीवर त्यांनी एका उपजिल्हाधिकाऱ्याचं लग्न मोडलं होतं. त्या घटनेला त्या अजून ‘माझं समाजकार्य’ म्हणतात.

“पाहणं कोनतंही असो बाबू, पाहायचं तेच राहते,” त्यांनी रोहितला येतानाच सांगितलं होतं. “रंग, चाल, आवाज, आन् आधी कुठं काही झालं का. जे धुतलं ते पाहू नये. धुवायचं राहिलं ते पाहावं.”

“काकू, लग्नबिग्न काई नाई,” सुशील हसला. त्याला हसू येत नव्हतं, तरी हसला. “चालवून तं पाहा.”

सिंधूताई पुढच्या सीटवर बसल्या. सीट कडक, नव्यासारखी. मग उतरून मागच्या सीटवर बसल्या आणि नाहीशा झाल्या. रोहितने मागे वळून पाहिलं तर खिडकीच्या काठावर फक्त अंबाडा दिसत होता.

“डॉक्टरीण बाई मागं बसून गाडी चालवत होत्या काय गा?” अंबाड्याने विचारलं.

रोहितने गाडी सुरू केली. त्याच्याकडे लायसन्स होतं. गाडी चालवता येणं ही वेगळी बाब. त्याने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाने मोठं भाषण सुरू केलं, पण चाकं काही ऐकेनात. एक बकरी त्यांच्या पुढे निघून गेली.

“भाऊ, तुमचा पाय चुकून राहिला,” सुशील म्हणाला आणि स्वतः बसला. बकरी आता वळणावर पोचली होती.

बॉनेटमधून वास यायला लागला. हा वास रोहितला ओळखीचा होता. गिरणीत पट्टा जागच्या जागी घासला, की असाच वास येतो, आणि मग सुपरवायझर मागे बांधलेले हात सोडून पळतो. “क्लच जळालाय,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं काहीतरी बरोबर आलं होतं, तेही स्वतःच्याच विरुद्ध. “पण इतक्या कमी चाललेल्या गाडीचा क्लच जळतो कसा? तासन् तास क्लच अर्धा दाबून कोण चालवते?”

“चालवते एक जन,” सिंधूताई म्हणाल्या, पण पुढे बोलल्या नाहीत. त्या पुढच्या सीटवर येऊन समोरचा कप्पा उघडत होत्या.

कप्प्यात गणपतीची छोटी मूर्ती होती आणि मूर्तीमागे श्रीखंडाचा रिकामा डबा. रिकामा नव्हता. सिंधूताईंनी झाकण काढलं, दाणे तळहातावर घेतले. पिवळे तांदूळ. कुंकवाचे लाल तांदूळ. आणि गुलाबी ज्वारी.

“सुशील. हे काय?”

सुशीलचा चेहरा उतरला. “अक्षता हाये काकू. सीटखालून निघाल्या. कार्पेटखालून निघाल्या. झाडून झाडून बेजार झालो, निघूनच राहिल्या होत्या.”

“मग फेकल्या काहून नाहीस?”

“अक्षता?” सुशीलने दोन्ही कानांच्या पाळ्या पकडल्या. “कचऱ्यात? पायाखाली? पाप लागन नं काकू!”

“आन् मीटर मागं फिरवलं, ते?”

“ते तं धंदा हाये.”

हे तो इतक्या निरागसपणे म्हणाला, की रोहितला क्षणभर पटलंही. सुशीलने गाडी शाम्पूने धुतली होती, सीटवर नवी कव्हरं चढवली होती, टायरांना काळा रंग फासला होता, मीटरचं बालपण परत आणलं होतं. आणि सगळा पुरावा देवाच्या मागे, स्वच्छ डब्यात, झाकण लावून जपून ठेवला होता. याला कोणी चोर म्हणेल. खरं तर हा चोर म्हणूनही नापास होता.

“एखाद्या लग्नाला गेली असेल, आत्या,” रोहित म्हणाला. त्याला गाडी हवी होती. हवी असलेल्या गोष्टीच्या बाजूने माणूस किती फालतू बोलू शकतो, याला मर्यादा नाही.

“एका लग्नाच्या अक्षता एकच रंगाच्या राहतात, बाबू. एका हातानं रंगवलेल्या. हे तीन घरचे हात आहेत, आन् हा तं निव्वळ झाडून वर आलेला माल. मागची सीट बसली, कारन नवरा-नवरी मागंच बसते. पुढची कोरी, कारन तिथं कलशवाली बाई बसते, ती कलश सांडन या धाकानं टेकतच नाही. क्लच अर्धा दाबून कोन चालवते? वरातीच्या बँडमागं जो चालवते तो. चलान नाही तुया गाडीले? घोडा पुढं नाचत असन तं चलान कोन फाडन!”

त्यांनी गुलाबी ज्वारीचे काही दाणे वेगळे निवडले, जरा वेळ त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून घेतले.

“हे काहून?” रोहितने विचारलं.

“डॉक्टरीण बाईच्या घरी जाऊ,” त्या म्हणाल्या. “लग्नं कोनं लावली ते पाहू.”

३

डॉ. प्रेमिला या दातांच्या डॉक्टर होत्या. त्रिमूर्तीनगरात दुमजली घर. खाली पाटी: ‘दंत चिकित्सालय’. रोहितने दवाखान्याच्या दारातच विचारलं, “मॅडम, तुमचं घर कुठं आहे?”

प्रेमिलाताईंनी एका पेशंटच्या तोंडात हात ठेवूनच वर बोट दाखवलं. “वरती.”

“आणि दवाखाना?”

“दिसत नाही का? हा काय.”

रोहितने जिन्याकडे पाहिलं. फक्त घर ते दवाखाना. दवाखाना ते घर. पायऱ्यांवर टायरच्या खुणा नव्हत्या.

सिंधूताई तोवर बाकावर बसल्या होत्या आणि दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करून सगळीकडे पाहत होत्या. खुर्चीतल्या पेशंटच्या गळ्यात लाळ पुसायला जे फडकं बांधलं होतं, त्याला जरीची किनार होती. टेबल पुसायचं फडकंही जरीचं. कूलरवर झाकलेला कपडाही जरीचा. लग्नात पाहुण्यांच्या खांद्यावर घालतात तो शेला, दुसरं काही नाही. जिन्याखाली नारळांचा ढीग होता. शेंडीवाले, अख्खे, कपाळाला कुंकू लावलेले, रांगेने बसलेले, जणू तेही नंबर लावून आले होते.

“गाडी मी चालवत नाही हो,” गाडीचा विषय निघताच प्रेमिलाताई म्हणाल्या. “गाडी यांचीच. नावावर माझ्या आहे, कारण मला घेता आली. हे कोराडीच्या वीज केंद्रातून इंजिनिअर म्हणून रिटायर झाले आणि त्यानंतर देवाच्याच नादी लागले. सारखं कोराडीच्या देवीला. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून निघतात, ते संध्याकाळी अत्तराचा वास घेऊन येतात. येताना नारळ. बसा, वडी खा. आमच्याकडे नारळाची वडी, नारळाची चटणी, नारळाचा भात. दातांची डॉक्टर मी, आणि पेशंटला वडी देते. काय करू? संपतच नाही.”

“मग गाडी विकता काहून?”

प्रेमिलाताईंनी पेशंटच्या तोंडातला हात बाहेर काढला, हा गंभीर विषय होता. “असंच चाललं तर एक दिवस हिमालयात निघून जातील. गाडीच नको. म्हटलं, विकून टाका.”

“किती दिवसांनी जातात देवीले?”

“तेच तर कळत नाही! कधी पंधरा दिवस रोज, एकेका दिवशी दोनदा. आणि कधी चार महिने देवीचं नाव नाही. गेल्या नवरात्रात सगळं नागपूर पायी जात होतं कोराडीला, आणि हे घरी लोळत टीव्ही पाहत होते.”

पेशंट तोंड उघडं ठेवून ऐकत होता. ते आता मिटायला हरकत नव्हती, पण कथा रंगली होती.

सिंधूताईंनी वडी तोंडात टाकली. “खोबरं ताजं आहे,” त्या म्हणाल्या. “साहेब वरती आहेत काय?”

४

वरती प्रेमिलाताईंचे यजमान बाबाराव पांढऱ्या लेंग्या-सदऱ्यात आरामखुर्चीवर पहुडले होते. नोकरीत असताना त्यांच्या एका सहीने अर्ध्या विदर्भाची वीज जायची, असं ते सांगत. आता खालचे पेशंट त्यांना कंपाउंडर समजून “भाऊ, नंबर किती?” असं विचारत.

“बसा,” ते म्हणाले. “गाडी उत्तम आहे. देवीच्या कामाला लागलेली गाडी.”

“साहेब, श्रावणात जाता का देवीले?” सिंधूताईंनी विचारलं.

“श्रावणात चिखल असतो.”

“नवरात्रात?”

“गर्दी फार.”

“मग कवा जाता?”

“तुळशीचं लग्न झालं, की मन लागतं देवीत.”

सिंधूताईंनी रोहितकडे पाहिलं. रोहितने त्यांच्याकडे पाहिलं. त्याला काहीच कळलं नव्हतं, हे तिघांनाही कळलं.

“दार ओढून घे गा,” त्या म्हणाल्या. मग हलक्या आवाजात, अगदी मुलीकडच्यांना नकार कळवताना वापरायच्या त्या गोड आवाजात, सुरू झाल्या. “साहेब, मी आजपावतो पुष्कळ भक्त पाहिले. चातुर्मासात देवाले सुट्टी देणारा भक्त पहिल्यांदाच पाहिला. जे चार महिने तुमी देवीले जात नाही, त्याच चार महिन्यांत लग्नाचे मुहूर्त नसतात. तुळशीचं लग्न झालं का तुमची भक्ती सुरू. एका दिवसात दोनदा जाता, कारन दोन मुहूर्त राहतात. आन् तो खालचा नारळ. देवीपुढचा नारळ फुटते. घरी येते ती अर्धी वाटी. तुमच्या जिन्याखाली अख्खे बसून आहेत, कुंकू लावून. अख्खा नारळ माणसाच्या हाती देतात. शेल्यासंगं. मान म्हनून. तुमची बायको लोकायच्या लाळा जरीच्या शेल्यानं पुसून राहिली, साहेब. कोन्या देवळात इतके शेले वाटतात?”



बाबारावांनी आरामखुर्चीतून उठायचा प्रयत्न केला. आरामखुर्चीतून बाणेदारपणे उठता येत नाही. ते परत बसले.

“पैशासाठी नाही केलं,” ते म्हणाले. “पेट्रोल तेवढं घ्यायचो. एका ओळखीच्याच्या मुलाच्या लग्नात पहिल्यांदा गाडी नेली. वरातीत गाडी माझी, पुढे बँड, लोक वाकून आत पाहतात. उतरलो तर कुणीतरी फेटा बांधला. हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं. ‘साहेब, अजून एक जिलेबी.’” त्यांनी डोक्यावरच्या नसलेल्या फेट्याला हात लावला. “बाई, या घरात मला शेवटचं ‘साहेब’ गॅसवाल्याने म्हटलं होतं. त्यालाही मी सिलिंडर उचलायला मदत करत होतो म्हणून.”

रोहितला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. भाड्याच्या जिलेबीसाठी क्लच जाळणाऱ्या माणसाची त्याला कीव आली, आणि मग लक्षात आलं, की आपण तर अजून न घेतलेल्या गाडीवर लग्न ठरवलंय. कीव त्याने परत घेतली. ती स्वतःला लागणार होती.

“मंडळींना सांगू नका,” बाबाराव म्हणाले. “ती मला भक्त समजते. भक्ताला निदान जेवायला हाका मारतात.”

“नाही सांगत. पन गाडी आमी घेनार नाही. इतक्या लग्नांची गाडी मी माझ्या पोराच्या गळ्यात बांधनार नाही.”

रोहित मध्येच ओरडला. “आत्या! रविवारी काय करू मग? बसनं जाऊ काय?”

सिंधूताईंनी पदराची गाठ चाचपली. गुलाबी ज्वारी तिथेच होती.

“गाडी घ्यायची नाही म्हटलं. न्यायची नाही असं कोन म्हटलं? रविवारी याच गाडीनं जाऊ. साहेब, एका दिवसापुरती सुशीलकडून आना, आन् तुमीच चालवायची. एवढं केलं का माझं तोंड बंद.”

बाबारावांनी मान खाली घातली. ते लाजेने गप्प बसतील असं रोहितला वाटलं. पण माणूस सवयीचा गुलाम असतो, आणि हा माणूस तर सवयीनेच जगत होता.

“फेटा कोणत्या रंगाचा आहे?” बाबारावांनी विचारलं.

५

रविवारी इतवारीच्या गल्लीतून पांढरी गाडी निघाली ती हातगाड्यांच्या मागे. पोती लादलेला एक हातगाडीवाला दोनदा थांबून बाजूला झाला, “जाऊ द्या साहेब,” म्हणाला, आणि क्लचची परिस्थिती पाहून पुन्हा पुढे निघून गेला. बाबारावांना फरक पडत नव्हता. भगवा फेटा बांधून ते वरातीच्याच चालीने चालवत होते. गाडीला दुसरी चाल उरलीच नव्हती.

रोहित मागच्या सीटमध्ये बुडाला होता. त्याने मनातल्या मनात संवाद पाठ केला होता: गाडी माझी, हे आमचे ड्रायव्हर. शेजारी सिंधूताई. त्या गाडीत बसल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि आत्या गप्प बसली की कुणाचं तरी मोडतं, हा नागपुरातला अनुभव होता.

गिरडकरांच्या दारात मांडव होता. महादेवराव स्वतः पुढे आले. मागे मोठी मुलगी श्वेता, तिच्या कडेवर बाळ, आणि तिचा नवरा उन्मेष, ज्याचं उदाहरण महादेवराव आजवर रोहितला चहाच्या प्रत्येक घोटागणिक देत आले होते.

“वा! आली गाडी!” महादेवराव म्हणाले. मग त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग पुढच्या सीटवरच्या फेट्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला.

“अरे! मामा! तुमी इकडं कसे?”

बाबारावांचे हात आपोआप जोडले गेले. “नमस्कार व्याही!”

“श्वेता, पाहा वं कोण आलं! उन्मेषरावांचे मामा! तुमच्या लग्नात यायनंच तं गाडी आणली होती! हेच मामा, हीच...” महादेवराव थांबले. व्यापारी माणूस. दोन पोती एकाच शिवणीची निघाली, की त्यांना कळायचं. “हीच गाडी.”

उन्मेष मांडवाच्या खांबामागे जायला लागला. खांब बारीक होता.

“उन्मेषराव,” महादेवरावांनी विचारलं. “गाडी तं तुमची होती नं?”

“होती... म्हणजे...”

“मामा तुमचे आहेत काय?”

उन्मेष खांबाआडून बोलला. “त्या दिवशी होते.”

बाबारावांनी फेटा काढला. “गाडीसोबत मामाही लागतो बऱ्याच लोकांना,” ते खाली मान घालून म्हणाले. “काहींना काका. एकदा मी मुलीकडचा आणि मुलाकडचा असा दोन्हीकडचा होतो. नारळ दोन मिळाले.”

मांडवात कुणाच्या तरी हातून जिलेबीचं ताट खाली पडलं. कुणी उचललं नाही.

सिंधूताई गाडीतून उतरल्या. त्यांना उतरायला वेळ लागला, सीट सोडत नव्हती. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि तळहात पुढे केला.

“महादेवराव, ही तुमची ज्वारी नं? गुलाबी. आख्ख्या नागपुरात अक्षता तांदळाच्या नाहीतर साध्या ज्वारीच्या राहतात. होळीचा उरलेला गुलाल लावून गुलाबी ज्वारी वाटनारा घाऊक व्यापारी एकच. श्वेताच्या लग्नात मीही होती. माझ्या डोळ्यात एक दाना गेला होता, अजून आठवते. या गाडीच्या सीटखाली सापडली. तवाच मले कळलं का ही गाडी तुमच्या घरी एकदा जावई होऊन गेली आहे.”

महादेवरावांनी हळूच रोहितकडे वळून पाहिलं. “आन् तुमची पांढरी गाडी?”

ही ती वेळ. रोहितच्या डोक्यात पाठ केलेला संवाद होता. पण तो बोलायला गेला आणि तोंडून भलतंच निघालं. “माझी बस आहे,” तो म्हणाला. “कंपनीची. पांढरी आहे, पण निळा पट्टा आहे.”

“म्हनजे खोटं बोलले तुमी माझ्या दारात!” महादेवरावांचा आवाज चढला. “मोडलं साक्षगंध! चाला!”

“मोडा,” सिंधूताई म्हणाल्या, अगदी थंडपणे. “पन माप एकच ठेवा. खोट्या गाडीपायी धाकटीचं मोडत असन तं मोठीचंही मोडा. खोटी गाडी तिच्याच लग्नात आली. आन् वर मामाही खोटा. आमच्या पोरानं निदान माणूस तं भाड्यानं नाही आनला.”

महादेवरावांनी श्वेताकडे पाहिलं. तिच्या कडेवरच्या बाळाने उन्मेषचा कान पकडला होता. उन्मेष सोडवून घेत नव्हता. त्याला एवढ्या शिक्षेवर स्वस्तात सुटल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात उन्नती बाहेर आली. साक्षगंधाची साडी, हातात पाण्याचा पेला. तिने आधी पेला बाबारावांना दिला.

“पप्पा, याले गाडीच चालवता येत नाही,” ती म्हणाली. “पाहायले आला तवा सारखा घड्याळ पाहून राहिला होता. शेवटची बस होती. मले तवाच समजलं.”

“मग बोलली काहून नाही?”

“तुमी माल पाहून घेता नं. मले वाटलं तुमी पाहिला असन.” मग रोहितकडे वळून, “अन् काय गा, ती बस आमच्या चौकातून जाते काय?”

“रोज सकाळी,” रोहित म्हणाला.

“मग ठीक आहे. पांढरी म्हनजे पांढरी.”

महादेवरावांनी बराच वेळ हिशेब केला. एका जावयाला हाकललं, तर लोक कारण विचारणार. कारण सांगितलं, तर दुसराही जाणार. दोन्ही गेले, तर जावई एकही उरणार नाही. त्यांनी खाली पडलेलं ताट उचललं, त्यातली एक जिलेबी झटकून तोंडात टाकली आणि मांडवाकडे वळून जाहीर केलं, “काही झालेलं नाही. बसा सगळे.”

काही झालेलं नव्हतं. साक्षगंध झालं. अक्षता गुलाबी ज्वारीच्या होत्या.

निघताना रीतीप्रमाणे बाबारावांच्या खांद्यावर शेला आला, हातात नारळ आला. ते पाणावल्या डोळ्यांनी गाडीकडे निघाले, तर सिंधूताईंनी हाक मारली.

“साहेब, थांबा.” त्यांनी नारळ त्यांच्या हातून घेतला, पायरीवर आपटला, आणि अर्धी वाटी परत दिली. “हे घेऊन जा. इतकी वर्षं भक्ती केली, एकदा तरी देवीकडून आल्यासारखा नारळ घरी न्या.”

बाबारावांनी वाटी कपाळाला लावली. गाडी पुढे कधी विकली जाईल, कुणाच्या गळ्यात पडेल, हे काही घडलेलं नसल्यामुळे सांगता येत नाही. सुशीलच्या पाटीवर ती अजून ‘एकाच हाताची’ आहे. फक्त आता ती ‘फक्त घर ते देऊळ’ चालली आहे.

सोमवारी रोहित बसमध्ये बसला. इतवारीच्या चौकात एक मुलगी उभी होती. मागच्या काचेवर ‘हात दाखवू नये’ लिहिलेलं असूनही तिने हात दाखवला.

आणि सिंधूताईंनी टपालाने एक अर्ज पाठवला. त्याची प्रत त्या अजून सगळ्यांना दाखवतात:

प्रति,
मा. परिवहन अधिकारी साहेब, नागपूर.

विषय: गाडीच्या नोंदीत पुरेशी चौकशी नसल्याबाबत.

महोदय, आपल्या नोंदीत गाडीचा रंग, इंजिन नंबर, मालकाचे नाव इत्यादी असते. परंतु मुख्य बाब नसते. तरी यापुढे प्रत्येक गाडीच्या नोंदीत खालील रकाने नव्याने घालण्यात यावेत: यापूर्वी झालेली लग्ने, अक्षतांचा रंग व धान्य, चातुर्मासातील वर्तणूक, आणि गाडीसोबत मामा लागू असल्यास त्याचे खरे नाते. सदर बदल येत्या तुळशीच्या लग्नाआधी अमलात आणून, पडताळणीसाठी अर्जदारास आपल्या कार्यालयात एक खुर्ची, एक कूलर व पिण्याचे पाणी, शक्यतो ओळखीच्या बाटलीत, उपलब्ध करून देण्यात यावे, ही नम्र विनंती.